मायची गोळ्यांची पन्नी

मागच्या श्रावणात माय पहाटे चारला लघवीला उठली अन् सांदवाडीच्या, म्हणजे घरामागच्या परसाच्या, पायरीवर पडली. मला आधी बादलीचा आवाज आला, मंग मायचा. जाऊन पाहतो तर ती बसलेली, डावा हात उजव्या हातात धरून, अन् मलाच सांगते, "काही नाही झालं रे, तू झोप." मनगट तिथल्या तिथं सुजून आलं होतं. मायचं वय 72.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडं. मी पाच एकर वावर करतो आणि गावात ऑनलाईनचं सेंटर चालवतो, सातबारा, पीकविमा, निराधारचे फॉर्म, आयुष्मान कार्ड, सगळं माझ्याकडंच येतं. म्हणजे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा अंगठा मी कधी ना कधी मशीनवर ठेवून पाहिलेला आहे. तरी माझ्याच घरात मायच्या गोळ्यांच्या पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, काय आहे ते मला माहीत नव्हतं, म्हणून हे लिहून राहिलो.

त्या दिवशी उजाडल्यावर मायला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. एक्स-रेवाला नव्हता, दुपारनंतर या नाहीतर उद्या या म्हणाले. मायला कळ सहन होईना म्हणून प्रायव्हेटमध्ये नेलं. एक्स-रे, प्लॅस्टर, इंजेक्शन, गोळ्या मिळून 3800 रुपये गेले. पैशाचं सोडा, पण तिथल्या डॉक्टरनं एक गोष्ट विचारली जी सहा वर्षांत कोणीच विचारली नव्हती. ते म्हणाले, "आजी, घरी गोळ्या कोणकोणत्या खाता? सगळ्या घेऊन या, जुन्या-नव्या सगळ्या." मी गाडीनं परत गावात आलो आणि मायच्या उशाखालची पन्नी घेऊन गेलो.

ती पन्नी कृषी केंद्राची, तोंडाला गाठ मारलेली. डॉक्टरनं टेबलावर रिकामी केली. आता ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. पट्ट्या कैचीनं कापलेल्या, कुठं पाच गोळ्या, कुठं तीन, नाव लिहिलेला तुकडा दुसऱ्याच कोण्या पेशंटकडं गेलेला, तारीख तर कशावरच नाही. दोन कॅप्सूल पट्टीतून काढून कागदात बांधलेल्या. डॉक्टर एकेक तुकडा उलटा करून, चष्मा वर करून, अर्धवट राहिलेली अक्षरं जुळवत बसले, बाहेर पंधरा पेशंट थांबलेले असताना. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

निघालं काय तर, अॅम्लोडिपिन म्हणून बीपीचं औषध असते, मायची पांढरी गोळी अॅम्लोडिपिन 5 आणि केसरी गोळीसुद्धा अॅम्लोडिपिन 5. एक सरकारी दवाखान्यातली, दुसरी मेडिकलमधली, कारण मधे सरकारीतला साठा संपला होता तेव्हा बाहेरून घेतली, कंपनी वेगळी म्हणून रंग वेगळा. मग सरकारी परत मिळायला लागली, पण मायनं केसरी बंद केली नाही. तिच्या हिशोबानं पांढरी बीपीची अन् केसरी डोस्कं दुखते त्याची. दोन्ही बरोबर सुरू. आता अॅम्लोडिपिन जास्त झाली की पायाला सूज येते, हे बऱ्याच जणांना होते. मायच्या पायाला सूज आली. सूज आली म्हणून ती बाजाराच्या गावी एका दुसऱ्या डॉक्टरकडं गेली, त्यांनी सूज पाहून लघवीची गोळी दिली, त्यांना पन्नीबद्दल कोणी सांगितलंच नाही. माय ती गोळी रात्री जेवल्यावर खायची कारण सकाळी वावरात जायचं असते. आता रात्री लघवीची गोळी खाल्ली की माणूस रात्रभर उठणारच, वरून बीपीच्या दोन गोळ्या पोटात, त्यानं बाजेवरून एकदम उठलं की बीपी खाली येते अन् डोळ्यापुढं अंधारी येते, अन् आमची सांदवाडीची पायरी शेवाळलेली.

म्हणजे गोळीनं सूज, सुजेसाठी दुसरी गोळी, दुसऱ्या गोळीनं रात्री उठणं, उठण्यानं पडणं. आम्ही घरचे म्हणत होतो पाय घसरला, वय झालं.

पन्नीत अजून एक होतं, टोंगळ्यासाठी, म्हणजे गुडघ्यासाठी, डायक्लोफेनॅक, दुखणं थांबवायची गोळी. ही गोळी आमच्याकडं घरोघरी आहे, कापूस वेचायला जायच्या आधी बाया एक खाऊन निघतात, किराणा दुकानातही भेटते. डॉक्टर म्हणाले ही रोज खाल्ली तर किडनी खराब होते आणि बीपीही वाढते. माय बीपी वाढवणारी गोळी खात होती आणि कमी करणारीही, कोणालाच माहीत नाही.

मी दोन रात्री झोपलो नाही. यात एका डॉक्टरवर बोट ठेवता येत नाही. ज्यानं त्यानं आपल्यासमोर जे दिसलं त्याची गोळी दिली. मायला पूर्ण पाहणारं कोणी नव्हतं, अन् पाहणारं असायला पाहिजे तो मी, मी बाहेरच्या खोलीत बसून लोकांचे फॉर्म भरून राहिलो होतो.

आता कार्डाचं सांगतो. 29 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारनं 70 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मानचं वय वंदना कार्ड सुरू केलं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखापर्यंतचा उपचार. चांगली योजना आहे, मी मनापासून सांगतो, आणि माझ्या सेंटरवर मी किती कार्डं काढली त्याचा हिशोब नाही. पण ते काढताना काय होते ते पहा. आमच्या गावातल्या एक आजी आल्या, जन्मभर निंदणं अन् कापूस वेचणं केलेल्या. अंगठा लागत नाही. पदराला पुसला, परत ठेवला, लाल लाईट. साबणानं हात धुतले, लाल. दुसरं बोट, तिसरं बोट, दहाही बोटं झाली. रेषाच उरल्या नाहीत तर मशीन काय वाचणार. ओटीपी मागवावा तर आधारला जोडलेला नंबर पोराचा, पोरगं पुण्याला कंपनीत, ड्युटीवर फोन बंद. शेवटी चेहऱ्यानं करायचं म्हटलं, त्याच्यात मोबाईलकडं पाहून डोळे उघडझाप करावे लागतात. आजीच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू, त्यांना मोबाईल नेमका कुठं धरला तेच दिसेना. त्या माझ्या आवाजाकडं पाहून डोळे मिचकावत होत्या. अर्धा-पाऊण तासानं झालं एकदाचं.

कार्ड हातात दिलं तर त्यांनी विचारलं, "याच्यावर बीपीच्या गोळ्या भेटतीन काय रे बापा?"

मी म्हटलं नाही आजी, हे दवाखान्यात भरती झालं तर.

"मंग भरती व्हायची वाट पाहू काय?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नाही.

कारण खरंच तसंच आहे ते. आपल्या महात्मा फुले योजनेचंही मुख्य काम भरती अन् ऑपरेशनचंच. मायचं मनगट मोडलं तेव्हा भरती करायची गरज नव्हती, प्लॅस्टर करून घरी पाठवलं, म्हणजे कार्डाचा उपयोग शून्य, 3800 खिशातून. ज्यादिवशी हार्ट अटॅक येईल, लकवा मारेल, त्यादिवशी पाच लाख आहेत. पण लकवा मारू नये म्हणून जी रोज एक गोळी लागते, ती प्रत्येक महिन्याला न चुकता हातात कशी येईल याची व्यवस्था आमच्या म्हाताऱ्यांना पाहिजे. देशातल्या म्हाताऱ्या माणसांचा जो मोठा सर्वे झाला 2017-18 मध्ये, लासी म्हणतात त्याला, त्याच्यात 60 वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त लोकांना काही ना काही जुना आजार निघाला. जुना आजार म्हणजे बीपी, शुगर, संधिवात, दमा, असे महिन्याच्या महिन्याला गोळी मागणारे आजार. हे लोक ऑपरेशनचे पेशंट नाहीत, ते पहिल्या तारखेचे पेशंट आहेत.

तुम्ही म्हणाल सरकारी दवाखान्यात तर सगळं फुकट आहे. हो, 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. 75 च्या वरच्यांना एसटी फुकट, बायांना अर्धं तिकीट. पण आमच्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते, सकाळी अन् संध्याकाळी, बाकी काळी-पिवळी. दवाखाना नऊ किलोमीटर. म्हातारं माणूस एकटं जात नाही, एका जणाची मजुरी बुडते. तिथं लाईन, मग बीपी, मग चिठ्ठी, मग औषधाची खिडकी, अन् खिडकीवर दहा दिवसाच्या गोळ्या देतात. कधी म्हणतात ही संपली, बाहेरून घ्या. म्हणजे महिन्यातून तीन चकरा. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा 45 च्या वर जाते, थांब्यावर शेड नाही, लघवीची गोळी खाणारं माणूस दुपारी बाराला त्या उन्हात उभं राहणार, त्याच्या अंगातलं पाणी आधीच कमी. मग म्हातारे काय करतात, तर गोळी मोडून अर्धी-अर्धी खातात. नाहीतर बरं वाटलं की बंद करतात. माझ्या सेंटरवर बसून मी विचारलं तर कितीतरी जणांनी हेच सांगितलं, अन् अभिमानानं सांगितलं, की बाबू, दहा दिवसाच्या गोळ्या मी वीस दिवस पुरवल्या. आयुष्यभर सगळं पुरवून पुरवून वापरलेली माणसं ती, तेल पुरवलं, साखर पुरवली, गोळीही पुरवतात.

नदीच्या पलीकडं माझी मावशी आहे, देवळी तालुक्यात, वर्धा जिल्हा. तिला बीपी आहे दहा वर्षांपासून. प्लॅस्टर काढल्यावर माय तिच्याकडं चार दिवस राहिली अन् परत आल्यावर मला म्हणे, "तुया मावशीले तं एकदाच महिनाभराच्या गोळ्या देते सिस्टर, गावातच." मी चौकशी केली. वर्धा आणि भंडारा हे आपल्या विदर्भातले दोन जिल्हे 2017-18 मध्ये बीपीच्या एका राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले होते, सुरुवातीच्या 25 जिल्ह्यांतले, महाराष्ट्रातून त्यांच्यासोबत सातारा अन् सिंधुदुर्ग. त्याच्यात फार मोठी काही मशिनरी नाही. ठरलेली दोन-तीन औषधं, कोणती आधी अन् कोणती नंतर ते लिहून ठेवलेलं, प्रत्येक पेशंटचं एक कार्ड, एकदम 30 दिवसाच्या गोळ्या, गावाजवळच्या केंद्रात मिळतील अशा, अन् जो महिन्याला आला नाही त्याला फोन नाहीतर घरी जाऊन विचारणं. एवढंच. मावशीची गोळी सहा वर्षांत चुकली नाही. मावशीकडं पन्नी नाही, एक डबा आहे अन् एक कार्ड आहे. नदीच्या पुलावरून वीस मिनिटाचा रस्ता आहे हो, मग आमच्या म्हाताऱ्यांनी काय पाप केलं?

बरं, कागदावर आमच्यासाठीही आहे. म्हाताऱ्यांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 पासून आहे. मी रात्री बसून वाचला. त्याच्यात लिहिलंय की जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळा दहा खाटांचा वॉर्ड, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस फक्त वृद्धांची ओपीडी, अन् जे अंथरुणावर आहेत त्यांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्यानं जाऊन पाहायचं. वाचून मला आनंदही झाला अन् रागही आला. आमच्या इथं वृद्धांचा वार कोणता हे मी ज्याला ज्याला विचारलं त्याला माहीत नव्हतं.

त्या अंथरुणावरच्यांवरून आमच्या शेजारचे आबाजी आठवतात. ऐंशीच्या पुढचे. दोन वर्षं झाली, गोठ्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं. घरच्यांनी अन् गावानं, म्हणजे त्याच्यात मीही आलो, ठरवलं की या वयात कुठं ऑपरेशन, पडू द्या बाजेवर, हाड बसेल आपोआप. एक जण पाला बांधून गेला. आता मला माहीत आहे की खुबा मोडला की म्हाताऱ्या माणसाचंच ऑपरेशन लवकर करावं लागते, एक-दोन दिवसात, वय जास्त म्हणून सोडून द्यायचं नसते, कारण पडून राहणं हेच त्यांना मारते, छातीत कफ होते, पाठीला जखमा होतात. आबाजीच्या पाठीला झाल्या. मी भेटायला गेलो तर खोलीत वास येत होता अन् सून रडत होती, तिला कोणी सांगितलंच नव्हतं की दर दोन तासाला कूस बदलायची, अंग कोरडं ठेवायचं. ती माऊली रोज हळद लावत होती. आबाजीनं माझा हात धरला, म्हणे "बस थोडा", अन् मी सेंटर उघडायचं म्हणून निघून आलो. दीड महिन्यानं गेले.

तेव्हा वय वंदना कार्ड नव्हतं, पण आबाजीचं राशनकार्ड होतं, महात्मा फुले योजना होती, 108 ची गाडी होती. त्या सुनेला पहिल्या दिवशी सांगणारं अन् नंतर आठवड्यातून एकदा येऊन पाठ पाहणारं माणूस नव्हतं. केरळनं 2008 मध्ये यासाठी धोरण केलं, तिथं पंचायतीची नर्स घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या माणसाची जखम साफ करते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. केरळ श्रीमंत आहे म्हणून होते असं कोणी म्हणत असेल तर गडचिरोली पहा. डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्या बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, अन् बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले, 1999 मध्ये ते जगात छापून आलं. घड्याळ, थर्मामीटर, वजनकाटा घेऊन थोडंफार शिकलेल्या बाया. पुढं देशातल्या आशाताईंना बाळाच्या घरी जायचं काम मिळालं ते त्याच्यावरूनच. पहिल्या महिन्यातल्या बाळाकडं आपल्या विदर्भातली बाई घरी जाऊन पाहू शकते, तर शेवटच्या महिन्यातल्या म्हाताऱ्याकडं काहून नाही? आशाताईला त्याचे वेगळे पैसे द्या, नीट द्या, वेळेवर द्या. तिच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, फुकटात अजून एक रजिस्टर नका देऊ.

आम्ही काय केलं ते सांगतो, लहानच आहे. आमच्या उपकेंद्रात सीएचओ मॅडम, म्हणजे तिथल्या आरोग्य अधिकारी, आहेत, तरुण पोरगी, कामाची. त्यांना मायची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या एक दिवस सगळ्यांना पन्नीसकट बोलवा. दिवाळीनंतर एका रविवारी समाजमंदिरात सतरंजी टाकली, दवंडी दिली की ज्यांना रोजच्या गोळ्या आहेत त्यांनी सगळ्या गोळ्या घेऊन या. वीस-बावीस जण आले. पन्न्या, स्टीलचे डबे, एका आजोबांच्या गोळ्या धोतराच्या सोग्यात. मॅडमनं बीपी पाहिला, शुगर पाहिली, आशाताईनं नावं लिहिली, मी मोबाईलवर गोळ्यांचे फोटो काढून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, म्हणजे पीएचसीच्या डॉक्टरांना पाठवत होतो. चार जणांकडं एकच औषध दोन रंगात. एका बाईकडं मेलेल्या नवऱ्याच्या शुगरच्या गोळ्या, फेकवत नव्हत्या म्हणून तीच खात होती, तिला शुगर नाही. एका आजोबांचा बीपी 196, आणि ते पायी आले होते.

मग मी सेंटरवर एक कागद बनवला. वर नाव, खाली तीन रकाने, उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. ज्या त्या रकान्यात ती गोळी पट्टीच्या तुकड्यासकट चिकटपट्टीनं चिकटवायची, म्हणजे वाचता येत नसलं तरी जुळवून पाहता येते. मागच्या बाजूला औषधाचं नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरात, म्हणजे कोणत्याही डॉक्टरकडं गेलं की कागद पुढं करायचा. प्रिंटचे पैसे मी घेत नाही. कंपनी बदलली, रंग बदलला की आशाताई नवीन तुकडा चिकटवते. अन् मेडिकलवाल्याला हात जोडून सांगितलं की भाऊ, नाव असलेला भाग म्हाताऱ्या माणसाकडं जाऊ देत जा, पट्टी त्याच्या उलट बाजूनं काप. तो म्हणे हे कोणी कधी सांगितलंच नाही. आता तसंच कापतो.

मायची केसरी गोळी बंद झाली, लघवीची बंद झाली, पंधरा दिवसात पायाची सूज उतरली. टोंगळ्याला आता मॅडमनं शिकवलेला व्यायाम करते, बाजेवर बसून पाय सरळ करायचा अन् दहा मोजायचे, सकाळी नातवाला घेऊन दोघंही मोजतात. रात्री उठते एखाद वेळेस, पण आधी बसते, मग उभी होते. पायरी मी घासून खरखरीत करून घेतली अन् बाजूला पाईप लावला धरायला, 600 रुपयात झालं.

पीएचसीच्या डॉक्टरांना आम्ही ग्रामसभेचा ठराव नेऊन दिला, दोन मागण्या. बीपी-शुगरवाल्यांना 30 दिवसाच्या गोळ्या, अन् वृद्धांची ओपीडी मंगळवारी, कारण मंगळवारचा आठवडी बाजार आहे, त्या दिवशी काळी-पिवळ्या भरून जातात, सोबतीला माणूस असते, वेगळी मजुरी बुडत नाही. डॉक्टर चांगले आहेत, मंगळवारचं लगेच मान्य केलं. गोळ्यांचं म्हणाले की वरून साठा जसा येईल तसा, तुम्ही मला यादी द्या, किती लोक अन् कोणती गोळी, म्हणजे मला तेवढी मागता येईल. या महिन्यात पंधरा दिवसाच्या मिळाल्या.

यादी तयार आहे, 64 नावं झाली, शेजारच्या दोन गावांची धरून. उद्या मंगळवार आहे, माय म्हणते मीच नेऊन देतो, मलाही बीपी दाखवायचाच आहे.